बेचाळिसावा साक्षीदार

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका जिन्याखाली हृषीकेश कासेगावकरचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं ते आपलं त्याचं मन राखायला. एक टेबल, दोन खुर्च्या, खडखडणारा कूलर आणि भिंतीवर आईचा फोटो. आई, म्हणजे सरोजिनीबाई, जन्मभर शाळेत मराठी शिकवत होत्या आणि निबंधात एक वाक्य जरी दुसऱ्याच्या वहीतलं सापडलं तरी सगळा निबंध फाडून हातात देत. अशा बाईच्या पोटी जन्माला आल्यावर माणसाने मुकाट पोस्टात नाहीतर बँकेत चिकटावं. हा पठ्ठ्या वेबसाइटी बनवायला लागला.

दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची आणि नेटवर कुणी काही शोधलं की ती वरती दिसेल असं बघायचं, हा त्याचा धंदा. वरती यायच्या वाटा दोन. एक सरळ. दुकानात जे आहे तेच लिहायचं, गिऱ्हाईक जे विचारतं त्याचं नीट उत्तर द्यायचं, फोटो आपले आपण काढायचे, पान खेड्यातल्या रखडत्या नेटवरही चटकन उघडेल इतकं हलकं ठेवायचं आणि मग महिनोन्‌महिने वाट बघत बसायचं. दुसरी वाट जवळची. खोटे अभिप्राय विकत घ्यायचे, भलत्यासलत्या साइटींवर आपल्या लिंका पेरून घ्यायच्या, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्वस्त स्वस्त सोलापूर सोलापूर’ असं शंभरदा लिहून ठेवायचं, म्हणजे माणसाला दिसत नाही पण सर्चच्या मशीनला वाचता येतं. हृषीकेश पहिल्या वाटेने जायचा आणि जाता जाता दुसऱ्यांना प्रवचनही द्यायचा. म्हणून पेठेत त्याला ‘सोवळ्यातला वेबसाइटवाला’ म्हणत.

बार्शीच्या एका दातांच्या डॉक्टरला ‘जिल्ह्यात एक नंबर’ असं लिहून हवं होतं. हृषीकेशने विचारलं, “कुणी मोजलं?” डॉक्टर दुसरीकडे गेला. करकंबचा नर्सरीवाला पन्नास खोट्या अभिप्रायांवरून असाच गेला. दर वेळी हृषीकेशला वाईट वाटायचं, पण फार नाही. आपण बरोबर आहोत एवढं त्याला पुरायचं. मायाक्का येईपर्यंत तरी पुरत होतं.

मायाक्का सांगोल्याच्या पुढच्या एका धनगरवाडीतली. नवरा वारलेला, घरात दीर गुंडा. ती लोकर कातायची आणि गुंडा मागावर घोंगडी विणायचा. वाडीत एके काळी सात माग होते, आता हा एकच उरला होता. बाजारात गिरणीचं मऊ ब्लँकेट मिळतं, तर टोचणारं घोंगडं घेतो कोण? साखर कारखान्यावर वॉचमनची जागा आहे, असा निरोप गुंडाला दोनदा येऊन गेला होता. कुणीतरी मायाक्काला सांगितलं, गिऱ्हाईक आता नेटवर असतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी ती एसटीने सोलापूरला आली, विचारत विचारत जिन्याखाली पोचली आणि तिने काळंभोर घोंगडं टेबलावर टाकलं.

“सायेब, ह्ये नेटवर घाला. माग एकदा बंद पडला की पडला. गुंडाच्या मागं कुनाला येत न्हाय ह्ये काम.”

हृषीकेशने घोंगड्यावरून हात फिरवला. “आक्का, टोचतंय हो.”

“टोचनारच की! मेंढराचं हाय ते.”

तिथेच त्याने ठरवलं, ही बाई आपल्यातली आहे.

तो वाडीत दोन दिवस राहिला. मायाक्काच्या कातणाऱ्या हातांचे फोटो काढले, चिंचोक्याची खळ लावून उन्हात पसरलेली घोंगडी टिपली. त्याच मुक्कामात त्याने बिरोबाच्या देवळापुढची एक साक्ष पाहिली. कुणाच्या तरी मेंढराचा वाद होता. तिघे जण कट्ट्यावर आले, एकेकाने पिवळ्या भंडाऱ्याच्या ताटात हात घातला आणि तिघांनी अक्षर न अक्षर एकच वाक्य म्हटलं. पंचांनी मान डोलावली आणि वाद मिटला.

“तिघांचं पाठ करून घेतलं होतं का?” त्याने मायाक्काला हळूच विचारलं.

“पाट कशाला? साक्षीला आदी बसून शबुद ठरवत्यात. ज्याला त्यो शबुद खरा वाटंल त्यानंच हात घालायचा. शबुद येगळा आला की साक्ष धरत न्हाईत.”

हृषीकेशला हे फार आवडलं. सोलापूरला येऊन त्याने वेबसाइटवर लिहिलं, ‘हे घोंगडं टोचतं. नवं असताना मेंढराचा वास येतो, चार उन्हं दाखवली की जातो. एक घोंगडं व्हायला पंधरा दिवस लागतात. घाई असेल तर आमच्याकडून घेऊ नका.’ पेठेतले लोक हसले. माल विकायला बसलाय की घालवायला, म्हणाले.

पण आठ महिन्यांनी हाताचं घोंगडं शोधलं की पहिलं नाव मायाक्काचं येऊ लागलं. पुण्याहून, नाशिकहून, थेट बंगळुरूहून मागणी आली. लोकांनी आपणहून अभिप्राय लिहिले, टोचतं पण ऊब आहे म्हणून. गुंडा कारखान्याचा निरोप विसरून गेला. तिने पहिल्याच थंडीत हृषीकेशला एक घोंगडं आणून दिलं आणि तो ते सोलापुरातल्या थंडीतही, जी काय चार दिवस पडते ती, हौसेने पांघरायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं सोवळं कुणाच्या तरी पोटाला उपयोगी पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा माज आला होता.

गेल्या दिवाळीनंतर दुसरीच एक साइट वर आली. कुठली, कुणाची, पत्ता नाही. माल गिरणीचा. फोटो मात्र मायाक्काच्या हातांचे, मजकूर हृषीकेशचा. फक्त ‘टोचतं’ आणि ‘घाई असेल तर घेऊ नका’ एवढी वाक्यं काढलेली. खाली पाचशे अभिप्राय, सगळे पाच तारे. कुणी लिहिलं होतं ‘रेशमासारखं मऊ’, कुणी ‘बाळाला फार आवडलं’. प्रत्येकाचं वाक्य वेगळं, तारीख वेगळी, गाव वेगळं. विकत घेतलेलं खोटं इतकं नेटकं असतं हे बघून हृषीकेशचं डोकं फिरलं. त्याने सर्चवाल्या कंपनीकडे तक्रार केली, मूळ फोटो पाठवले, तारखा पाठवल्या. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं आणि पुढे काही झालं नाही. मायाक्काचं नाव पहिल्यावरून पाचवं झालं. मागणी निम्म्यावर आली.

पेठेतल्या प्रभूने, जो दुसऱ्या वाटेने जाऊन आता एसीत बसतो, त्याला सांगितलं, “अरे, घे की तूही दोनशे अभिप्राय. चोराला चोरासारखंच मारावं लागतं.”

“मायाक्काचा माल खरा आहे.”

“मग कुणाला कळतंय ते?”

हृषीकेश तिथून उठला. पण त्या दुपारी त्याने मायाक्काला फोन केला. “आक्का, ज्यांनी गुंडाचं घोंगडं खरोखर वापरलंय, त्यांना नेटवर एकेक ओळ लिहायला सांगा. खरं तेवढंच.” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. थोडं थोडं करून लिहा, आपापल्या शब्दांत लिहा, हे सांगायचं राहिलं. इतकी वर्षं हेच काम करणारा माणूस, आणि नेमकं तेवढंच त्याच्या तोंडून निसटलं.

मायाक्काने काम मनावर घेतलं. रविवारी तिने वाडी बिरोबाच्या कट्ट्यावर जमवली, कारण ग्रामपंचायतीचं वायफाय तिथेच लागतं आणि साक्षही तिथेच होते. आधी बसून शब्द ठरवला. ‘गुंडाचं घोंगडं लई चांगलं हाय. वीस वर्सं अंगावर हाय, फाटलं न्हाय.’ वीस वर्षं पुरी झालेल्यांनाच तिने पुढे घेतलं. दोन सुनांची घोंगडी पाच-पाच वर्षांची होती, त्यांना परत पाठवलं. मग एकेकाने भंडाऱ्यात हात घातला, शब्द म्हटला आणि अंगणवाडीच्या रंभाबाईने ज्याच्या त्याच्या फोनवर तो जसाच्या तसा लिहून दिला. तासाभरात एक्केचाळीस साक्षी झाल्या. फोनांचे पडदे पिवळे झाले होते, असं रंभाबाई नंतर म्हणाली.

सोमवारी सकाळी मशीनने सगळे एक्केचाळीस पुसले. त्यांच्याबरोबर पुण्या-नाशिकचे जुने अभिप्रायही गेले आणि मायाक्काच्या धंद्याचं नावच यादीतून उडालं. कारण एका ओळीत होतं: एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एकाच शब्दांत आलेली बनावट माहिती.

हृषीकेशने ती दुसरी साइट उघडून पाहिली. त्या पाचशे खोट्यांना धक्का नव्हता. हे एक्केचाळीस म्हणजे त्याने पाहिलेली सगळ्यांत खरी माणसं, आणि तीच लबाड ठरली होती. त्याला रडू आलं, आणि आईच्या फोटोसमोर रडायची लाज वाटली म्हणून तो तोंड धुऊन आला.

दाद मागायची संधी एकदाच होती. फॉर्ममध्ये दुकानाच्या पाटीचा फोटो मागितला होता, मागाला पाटी कुठली? धंद्याच्या नावाचं वीजबिल मागितलं होतं, हातमागाला वीज कशाला लागते? शेवटचा प्रश्न होता, अभिप्राय देण्यासाठी तुमच्या वतीने कुणी माणसं जमवली होती का? ‘नाही’ लिहिलं असतं तर कदाचित सुटलं असतं. हृषीकेशचं बोट बराच वेळ तिथे अडून राहिलं. मग त्याने ‘होय’ केलं आणि कट्टा, भंडारा, ठरलेला शब्द, सगळं सविस्तर लिहिलं. चार मिनिटांत नकार आला. चार मिनिटांत कुणी वाडीला जाऊन येत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत एकही मागणी आली नाही. मेमधल्या रणरणत्या उन्हात तो वाडीत गेला तेव्हा गुंडा माग सोडवत होता. फणी, धोटा, दांडे, एकेक वस्तू फडक्याने पुसून पोत्यात भरत होता. सोमवारपासून कारखान्यावर रुजू व्हायचं होतं.

“सायेब, आमी खोटं बोललो व्हय?” मायाक्काने विचारलं.

“नाही आक्का. चूक माझी. मी नीट सांगितलं नाही.”

“मग त्यास्नी सांगा की तसं.”

“कुणाला सांगू? तिथं कुणी बसलेलंच नाही.”

मायाक्काला हे पटेना. एवढी मोठी पंचायत आणि तिथे माणूस नाही, हे कसं? 

गुंडा उठला. “ऱ्हाऊ दे, वैनी. सायेब, तुमी बी आमचं घोंगडं वापरताय न्हवं? जाताना एकदा कट्ट्यावर शबुद बोला. नेटासाटनं न्हाय. म्या आयकून जातो.”

हृषीकेशने पायताण काढलं. कट्टा तापलेला होता. रंभाबाईने देवळातून ताट आणून पुढे केलं आणि त्याने भंडाऱ्यात हात घातला. “गुंडाचं घोंगडं लई चांगलं हाय,” तो म्हणाला आणि थांबला. वीस म्हणावं असं त्याला जिवापासून वाटलं. वीस म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि गुंडा खूश होऊन गेला असता.

“दोन वर्षं अंगावर आहे,” तो म्हणाला. “फाटलं नाही.”

मायाक्काने पदराने त्याचा पिवळा हात पुसून दिला.

“खरं बोलला, सायेब,” ती म्हणाली. “पर शबुद येगळा आला. ह्यो धरता यायचा न्हाय.”

गुंडाने मान डोलावली आणि घरी परतून पोत्याचं तोंड सुतळीने बांधायला घेतलं.