कमानीवरची काच

“जरा खामोश! दगड काय म्हणतो ते ऐकू द्या की,” असं म्हणत चाचा भिंतीवर बोटांची पेरं वाजवायचे आणि कान लावून बसायचे. रेल्वेतले म्हातारे गवंडी. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मी हसलेच होते.

तेव्हा मी नुकती डिप्लोमा करून इंजिनिअर म्हणून लागले होते. डोळ्यांवर गॉगल, पर्समध्ये टेप आणि जगातलं सगळं बांधकाम आपल्याला कळतं हा समज. औरंगाबादजवळच्या एका छोट्या स्टेशनावर पहिलीच तपासणी. निजामाच्या राजवटीतलं, काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं स्टेशन. दर्शनी दाराला भली मोठी कमान. कमानीत तडा दिसला आणि मी अहवाल ठोकला : कमान धोकादायक, पाडून स्लॅब टाकावा.

चाचांना कळलं. “बाईसाहेब, पाडायला एक दुपार पुरते. तडा जिंदा हाय का मुर्दा, ते तरी बघा.”

“तडा कधी जिवंत असतो का?”

“लई शिकल्या तुम्ही. काच आणा.”

मी शहागंजच्या बाजारातून चांगली जाडजूड काच आणली. चाचा म्हणाले, “हिच्यावर तर हत्ती उभा राहील! पातळ पाहिजे, हलक्या धक्क्यानं फुटणारी.” दुसऱ्या दिवशी तसबिरीवाल्याकडून पापडासारखी काच आणली. चाचांनी मागे कुणी वरून थापलेलं सिमेंट खरवडलं, दगडांतल्या फटीवर काचेची पट्टी आडवी धरली आणि दोन्ही टोकं पक्की चिकटवली. फट वाढली तर काच तडकणार, कमान जाणार. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली.

खरं सांगते, काच फुटावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते. रोज काहीतरी निमित्त काढून बघायला जायचे. चाचा विचारायचे, “काय, मय्यतीला आल्या?”

एका दुपारी खडी भरलेली लांबलचक मालगाडी आली. फलाट हादरला, खिडक्या खडखडल्या. मी शिडीवर, काचेला नाक लावून. डबे काही संपेनात. आणि माझ्याच तोंडून निघालं, “फुटू नको गं बाई!”

खाली चाचा पोट धरून हसत होते.

मुदत संपली. साहेब स्वतः शिडी चढले. काच अखंड!

“अहवाल कुणी लिहिला होता?”

“मी. चुकले. कमान पक्की आहे.”

चाचा पुढं झाले. “काच बाईसाहेबांनीच शोधली, साहेब. अशी मलाबी मिळाली नसती.”

साहेबांनी अहवालावर आडवी रेघ मारली. हमालांनी टाळ्या पिटल्या, स्टेशनमास्तरांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि चाचांनी मला चुन्याच्या घमेल्यापुढं बसवलं. “चला, भरा फट. पाडायला निघाल्या होत्या ना?” बोटं सोलून निघाली, पण भरली मीच.

चाचा जाऊन आता किती वर्षं झाली. पुढं मी स्लॅबची कितीतरी स्टेशनं बांधली. त्यांतली काही गळतातसुद्धा. परवा नातीला मुद्दाम त्या कमानीखाली नेऊन उभं केलं आणि छाती फुगवून सांगितलं, “बघ, ही मी पाडली नाही!”