शिट्टीच्या आधी

आज ग्योतोकु उपनगरातल्या माझ्या घरी फोडणी करताना मोबाईलवर भूकंपाची सूचना किंचाळली. गॅस बंद करून ओट्याला धरून उभा राहिलो, आणि ओदा-सान आठवला.

आमच्या योकोहामाच्या ऑफिसातला हा ओदा-सान रविवारी नदीकाठच्या मैदानावर लंबगोल चेंडूचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. मी हौसेने स्कोअर लिहायचो. तेव्हा २०११च्या मोठ्या भूकंपाला वर्ष झालं असेल. ऑस्ट्रेलियाहून एक गृहस्थ खेळाडू हेरायला आले होते, त्या एकाच मॅचपुरते. ओदा-सान दोघांना चुकवून गोलसमोर मोकळा पोचला, आणि कडेच्या बॅगांमधले सगळे मोबाईल असेच किंचाळले. चेंडू पोटाशी धरून तो उकिडवा बसला. आम्ही सगळेच बसलो. उभे होते फक्त माझ्या शेजारचे ते पाहुणे. जमीन जेमतेम हलली.

"शिट्टीआधीच थांबतो," त्यांनी वहीत लिहिलं.

"इथे सगळेच थांबतात," मी म्हणालो. त्यांनी समजुतीने मान हलवली, पण खोडलं नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. त्यांना त्यांच्या जमिनीने कधी थांबवलंच नसेल.

मॅचनंतर ओदा-सान धापा टाकत माझ्याकडे आला. "माझी धाव पाहिली ना त्यांनी?"

"पाहिली," मी म्हणालो. वही तोवर त्यांच्या बॅगेत गेली होती.