हिऱ्याचं माहेर

लोक माणसांना गाव विचारतात, आमची आक्का खड्यांना विचारते. अशी बाई अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरी नाही, आणि नसलेलीच बरी. एकीनंच आम्हाला पुरेपुरेसं केलंय. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. बोरीत कुकडीच्या काठी आम्ही एकत्र वाढलो. मला गावातच दिली. ती शिकून आंध्रात गेली, ती कृष्णेच्या काठी वाळू चाळत बसली. नदीत हिरे सापडतात, पण ते मुळात कुठल्या खडकातून आले हे कुणाला ठाऊक नाही. ते हुडकायचं, हा तिचा उद्योग. राजुरीला एका लग्नात पंगतीत कुणा पाहुण्याच्या दाताखाली खडा आला. यजमान ओशाळले. आक्का मात्र भरल्या पानावरून उठली, "थुकू नका पावणं, हातावर द्या!" म्हणाली आणि पर्समधून भिंग काढलं. ते पाहुणे अजून आमच्या पंगतीला बसत नाहीत.

"अगं, त्या हिऱ्यालाच विचार की एकदाचं," मी वैतागून म्हटलं. एवढी शिकली, पण माझ्याशी बोली बोरीचीच. म्हणाली, "हिरा लई मुका, बाई. माझ्या लग्नात तू पाठराखीण म्हणून सासरी आली व्हतीस ना? मी लाजून गप्प, आन् सासूनं माहेरचं समदं तुझ्याकडून काढून घेतलं. तसंच हाय. हिऱ्यासंगं झिरकॉनचे खडे वाहत येत्यात, बाजरीच्या कणीहून बारीक. त्यांचं वय मोजता येतं. तेवढ्याच वयाचा खडक गावला, की त्येच हिऱ्याचं माहेर." मला त्यातलं पाठराखणीचं तेवढं कळलं, आणि उगाच बरं वाटलं.

काका-काकू गेल्यापासून तिच्या बोरीतल्या घराची किल्ली माझ्याकडे. दर दिवाळीला मी झाडून-पुसून ठेवते आणि फोन करते. तिचं उत्तर ठरलेलं, "हिऱ्याचं माहेर गावलं, की मी माझ्या माहेरी आलेच." आता दगडापायी कुणी माहेर अडवून धरतं का? वर मलाच चिडवायची, "कुकडीचं पाणी घोडीत, घोडीचं भीमेत, भीमेचं कृष्णेत. तू धुणं धुतलंस की मला हितं फेस दिसतो." मी हसायचे. फोन ठेवला की मात्र जीव तुटायचा. तिच्यासाठी केलेल्या करंज्या शेवटी शेजारची पोरं खायची.

परवा तिचाच फोन आला. आवाज बसलेला.

"वयं आली गं खड्यांची. एकाबी खडकाशी जुळत न्हाईत."

"म्हंजी?"

"म्हंजी त्यो खडक आता न्हाईच. नदीनं कवाच झिजवून न्हेला. खडे तेवढे ऱ्हायलेत."

जन्मभर दुसऱ्यांची गावं विचारत हिंडलेली आमची आक्का मग अगदी हळू म्हणाली, "आपलं घर हाय ना गं?"

"हाय की," मी म्हटलं. "तुझी पाठराखीण सांगते ना, आक्के. तू ये."