बिनफोडणीचं वरण

तापल्या तेलात मोहरी तडतडली, की मी अजूनही कान देऊन पलीकडचा कानोसा घेते. पुलगावात आमचे आणि शेजाऱ्यांचे घर एकाच भिंतीचे होते, आणि ती भिंत छपरापर्यंत पोहोचत नव्हती. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा रक्ताचा कर्करोग बरा होऊन पुन्हा उलटला, तेव्हा केमोनंतर फोडणीच्या नुसत्या वासानेही तिला ओकारी येई. म्हणून त्यांच्याबरोबर आम्हीही फोडणी सोडली आणि मी दोन्ही घरांसाठी साधे वरण शिजवू लागले.

एका दुपारी तिची आई आमच्या स्वयंपाकघरात आली. लेकीच्या पोटात अन्न ठरत नव्हते. वजन आणखी उतरले तर पुढचा डोस लांबेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"ताई, आज फोडणी देऊन पाहा," ती म्हणाली. "तुमचं वरन खाऊखाऊ पोरगी वरनावानी फिक्की होऊन राह्यली."

"आणि ओकारी आली तर?"

"तशीबी येतेच नं."

मी कढई ठेवली. मोहरी फुटली, लसूण लालसर झाला, हिंगाचा दरवळ भिंतीवरून पलीकडे उतरला. मोरीतून येणाऱ्या त्या ओळखीच्या आवाजाच्या धास्तीने आम्ही दोघी भिंतीकडे कान देऊन उभ्या राहिलो. पलीकडे खाट करकरली. पावले मोरीकडे न वळता सावकाश आमच्या दाराशी आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली ती मुलगी चौकट धरून उभी राहिली आणि कढईकडे पाहत मला म्हणाली,

"वाढजो."