भाकरीचा पहिला घास

सत्तरच्या दशकात सांगलीत मी मनोविकारांचा दवाखाना नुकताच उघडला होता आणि दर रविवारी एसटीनं साताऱ्याला शिकायला जात होतो. मंत्रचळाच्या, म्हणजे एकाच धास्तीनं तेच ते करत राहणाऱ्या रोग्यांवर वर्तनोपचार कसे करायचे, याचा प्रगत वर्ग तिथं एक सर घेत. आम्ही सहाजण, सगळे डॉक्टर. पद्धत ऐकायला सोपी. रोगी ज्याला भितो त्याला हात लावायला लावायचं आणि नंतर हात धुऊ द्यायचे नाहीत. भीती चढते, थोडा वेळ टिकते, मग आपली आपण उतरते. मात्र हे पायरीपायरीनं आणि रोग्याच्या मर्जीनं. सरांचा एक नियम कडक होता. रोग्याला जे करायला सांगाल ते आधी त्याच्या डोळ्यांदेखत स्वतः करा.

शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपला एक रोगी वर्गापुढं मांडायचा होता. माझी रोगी तासगावजवळच्या वस्तीवरची एक बाई. घरची द्राक्षबाग. फवारणीच्या मोरचुदाचं विष आपल्या हाताला राहिलंय, ते भाकरीतून पोरीच्या पोटात जाईल, या धास्तीनं ती दिवसभर धुण्याच्या सोड्यानं हात धूत असे. तळव्यांची साल गेली होती. तीन वर्षांच्या मुलीला तिनं सहा महिने भरवलं नव्हतं. मला तिला एकदा माझ्या हातानं भरवायचंय, बाकी काही नको, एवढंच तिनं पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

नवरा फौजेत हवालदार, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. आम्ही दहा पायऱ्या ठरवल्या होत्या. तिसरीवर होतो तेव्हा त्याची सुट्टी संपत आली, आणि माझा शेवटचा रविवारही जवळ आला. मी मधल्या पायऱ्या गाळल्या आणि थेट तिच्या घरी गेलो. न्हाणीला कुलूप लावा, रांजण उपडा करा, माझी ऑर्डर समजा, असं त्याला सांगितलं. त्याला बरंच वाटलं. धाकटा दीर दारात उभा राहून म्हणाला, वैनीला पलटणीतच न्यावं, तिथं हात धुवायला टाइमच मिळायचा न्हाई. सगळे हसले. मीही हसलो.

जाताना मी फवारणीचा एक जुना पंप नेला होता. कंपाउंडरकडून तीनदा धुऊन घेतलेला. मुठीवर निळसर डाग तेवढा राहिला होता. त्यात विष नाही, हे तिथं फक्त मला माहीत होतं. हवालदारानं तिचे दोन्ही तळवे मुठीवर दाबून धरले. मग तिनं तसल्याच हातांनी पीठ मळलं, रडत भाकरी थापली, भाजली आणि ताटलीत घालून माझ्यापुढं ठेवली.

‘आदी तुमी खावा, सायेब.’

नियम तिला मीच सांगितला होता. मी घास तोडला. तोंडापर्यंत हात गेलासुद्धा. मुठीवरचा तो डाग समोर दिसत होता. मी घास परत ताटलीत ठेवला.

‘माझं जेवण झालंय. तुम्ही मुलीला भरवा.’

‘मंग तिला कशी देऊ?’ तिनं हळूच विचारलं.

डॉक्टरांना उलटं बोलतेस का, म्हणत नवऱ्यानं तिचं मनगट धरलं आणि तिच्याच हातानं घास पोरीच्या तोंडात कोंबला. ती ओरडली. पोर तोंडात घास घेऊन रडू लागली. माझ्या एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात कागद. भीती शंभरपैकी किती, हे मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो. एकदाच तिनं शंभर म्हटलं. मग ती गप्प झाली, भिंतीकडं बघत बसली. मी वीस लिहिलं.

रविवारी माझा आलेख छान उतरता होता. पहिला घास तुम्हीच खाल्लात ना, एवढंच सरांनी विचारलं. मी हो म्हणालो. काम असं करावं, असं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं.

वर्षानं पुढच्या सुट्टीत हवालदार तिला घेऊन माझ्या सांगलीतल्या दवाखान्यात आला. तिचे हात भरून आले होते. लय गुण आला, तो म्हणाला. एकच राहिलंय. भाकरी झाली की ही आधी स्वतः खाते आणि दोन तास घड्याळ बघत बसते. आपल्याला काही झालं नाही, असं पटलं की मगच पोरीला वाढते. पोर भुकेनं रडून झोपते.

‘आता कशाला कुलूप घालू, सांगा.’

आधी तुम्ही का खाता, असं मी तिला विचारलं.

‘कुणीतरी खायाला पायजेच की,’ ती म्हणाली.

यावरचा उपचार मला येत होता. पण त्याआधी तिला, नवऱ्यासमोर, सांगावं लागलं असतं की पंप धुतलेला होता, ते मला ठाऊक होतं आणि तरीही मी भ्यालो. त्याशिवाय तिनं माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नसता.

‘राहू द्या,’ मी हवालदाराला म्हणालो. ‘आईचा जीव आहे.’

ती पदर सावरून उठली. पुन्हा आली नाही. तिची केस मी वीस वर्षं नव्या डॉक्टरांना शिकवत आलो, त्या आलेखासकट, बरी झालेली म्हणून.