तिसरा अंक आणि तामसीची गाडी

समस्त रसिकजनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आजच्या नाटकाचा तिसरा अंक आपणांस दिसेल की नाही, हे सर्वस्वी तामसीच्या गाडीवर अवलंबून आहे.

पहिल्या घंटेआधी अशी घोषणा होणारं नाट्यगृह जगात दुसरं कुठं असेल तर मला दाखवा, मी पायी बघायला येईन. आमचं नाट्यगृह म्हणजे आदिलाबादला कापसाच्या जिनिंगच्या मागं असलेला नाट्यमंडळाचा हॉल. वर पत्रे, खाली सतरंज्या, पुढं दोन रांगा खुर्च्या आणि सगळ्यांत मिळून एक पंखा. रंगमंच एवढासा की नायकानं हात पसरले तर एक हात विंगेत जायचा. पहिल्या रांगेतल्यांनी पाय लांब केले की नायिका त्यांच्या चपला ओलांडून प्रवेश करायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी महसूल कचेरीत कारकून होतो, तरुण होतो आणि तरी दमलेला होतो. मीच कशाला, तो सगळा हॉलच दमलेला असायचा. निम्मे प्रेक्षक तामसी या खेड्याच्या बाजूचे, कापूस वेचून बोटांना चिरा पडलेले. बाकीचे गावाला लागून असलेल्या मावल्याचे आणि बाजारातले. नाटक वर्षातून एकदा, माघातल्या रविवारी दुपारी. दोनला सुरू व्हायचं ठरलेलं, पण वीज तीनला यायची. आणि साडेपाचला तामसीची शेवटची बस, म्हणजे आमच्या भाषेत गाडी. त्यामुळं दुसरा अंक संपला की निम्मा हॉल पिशव्या उचलून निघायचा आणि तिसरा अंक उरलेल्या सतरंज्यांसमोर व्हायचा.

नाटक दरवर्षी तेच. लिहिणारे, बसवणारे आणि मुख्य काम करणारे एकच, आमचे शाळेतले गुरुजी. काम म्हाताऱ्या राखणदाराचं. दोन अंक तो एक शब्द बोलत नाही. घरातले त्याच्यासमोर त्याच्याचबद्दल वाटेल ते बोलतात, तो कंदील पुसत बसतो. तिसऱ्या अंकात तो तोंड उघडतो आणि मग कोणाला आवरत नाही.

गुरुजींचे वडील तामसीकडच्या एका खेड्यात सालगडी होते. नाटकाला ते धुतलेलं धोतर नेसून यायचे, दोन अंक ताठ बसून बघायचे आणि साडेपाचच्या गाडीनं परत जायचे. मालकाच्या बैलांना संध्याकाळी वैरण त्यांनाच टाकायची असे. म्हणजे चार वर्षं त्यांनी आपला मुलगा फक्त मुका बघितला होता. गाडीपाशी दरवर्षी हेच बोलणं व्हायचं. कान मंद झाल्यामुळं म्हातारा बोलायचा मोठ्यानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं.

"येवढा शिकला, मास्तर झाला, तरी तुले मुक्याचंच काम काऊन देतेत रे?"

"बाबा, नाटक मीच लिवलं. तिसऱ्या अंकात मीच बोलतो."

"आयकलं कोनं?"

"शहरातले समदे आयकतेत."

"अन् आपल्या गाडीतल्या कोनं?"

गुरुजी गप्प. रंगमंचावर दोन अंक गप्प, स्टँडवर परत गप्प.

मी एकदा सुचवलं, तिसरा अंक आधी करून टाका. त्यांनी माझ्याकडं वर्गातल्या ढ पोराकडं बघावं तसं बघितलं. "अन् मंग तो येवढा येळ गप काऊन होता, हे कोनाले समजन?"

पाचव्या वर्षी म्हातारा आल्या आल्या म्हणाला, "आता पुढच्या साली जमत नाही बापू. गाडीच्या पायऱ्या चढनं होत नाही." गुरुजी तोंडाला रंग लावत होते. हात थांबला. मला म्हणाले, "बाबाजवळ बस."

आमची एक रीत होती. नाटकाचा पहिला नारळ गाडीच्या ड्रायव्हरला आणि दुसरा कंडक्टरला. नारळ घेऊन ते दाराशी घटकाभर टेकायचे आणि चहाला निघून जायचे. त्या साली ड्रायव्हर मुधोळकडचा होता, डोळे तांबडे, उभ्या उभ्या डुलत होता. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मंडळाच्या अध्यक्षांची हातवाली खुर्ची मी ओढून पंख्याखाली ठेवली आणि त्याला तिच्यात बसवला. पहिला अंक अर्धा झाला नाही तोच त्याची हनुवटी छातीवर टेकली.

दुसरा अंक संपला. तामसीवाले पिशव्या उचलायला लागले. कंडक्टर दारात आला, ड्रायव्हरकडं बघितलं आणि उंबऱ्यावरच बसला. "दोन दिवसांपासून डबल डुटी करून राह्यला तो. झोपू द्या जराक. उठला की निघू."

म्हणजे ड्रायव्हर झोपलाय तोवर गाडी नाही! ही बातमी कानोकानी विंगेपर्यंत पोचली. पिशव्या पुन्हा खाली आल्या. पडदा उघडला, तोसुद्धा हातानं धरून, कड्यांचा आवाज होऊ न देता.

असा तिसरा अंक मी पुन्हा बघितला नाही. भांडण कुजबुजत झालं. सून रागानं ताट आपटते, तिथं तिनं ते तान्हं मूल निजवावं तसं खाली ठेवलं. नाटकातल्या मुलानं बापावर हात उगारला तो हवेतच राहिला. हसू आलेल्यांनी तोंडात पदर कोंबले. आणि मग राखणदार उठला, कंदील खाली ठेवला आणि बोलायला लागला, पुटपुटत.

शेजारी म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला होता. तो पुढं सरकला, आणखी पुढं सरकला. मग त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय म्हनते थो?"

सगळ्या माना खुर्चीकडं वळल्या. खुर्चीतला ड्रायव्हर हलला नाही. मी म्हाताऱ्याच्या कानाशी लागून सांगायला गेलो, पण माझी कुजबुजही त्याला पोचेना.

गुरुजींनी ते बघितलं. चालत रंगमंचाच्या कडेपर्यंत आले, बापापासून चार हातांवर. आवाज चढवावा तर ड्रायव्हर उठेल, गाडी निघेल आणि बाप अर्ध्या वाक्यातून जाईल. न चढवावा तर बाप समोर बसूनही मुकाच मुलगा बघून जाईल. त्यांचं तोंड उघडं होतं आणि शब्द येत नव्हता. रंग घामानं ओघळला होता. मागं घरातली सगळी पात्रं तशीच उभी. वर पंखा करकरत होता आणि इतकी माणसं इतकी थकून, इतकी गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती.

तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीतून, हनुवटी छातीवर तशीच, डोळे मिटलेले तसेच, आवाज आला:

"गुरुजी, बोला ना जोरात! मी कवाचा जागाच हाय, त्या बुढ्याले आयकू नाही येऊन राह्यलं!"