काकी मशीनसाठी शुद्ध बोलल्या

बोललेलं लिहून देणारी आमची सिस्टीम आजवर फक्त डॉक्टरांचं बोलणं शिकली. आता तिला मासेमारीतलं बोलणं शिकवायचंय, म्हणून आज करावे गावात रेकॉर्डिंगला गेले होते.

खाडीत मासे धरणाऱ्या एक काकी जावेशी मस्त गप्पा मारत होत्या. मी फोन पुढे धरला आणि त्या एकदम बातम्या दिल्यासारखं बोलायला लागल्या.

"काकी, नेहमीसारखं बोला ना."

"आमचा बोलना मशीनला कलंल का? म्हनून शालेत बोलतात तसा बोलले."

सकाळपासूनची सगळी रेकॉर्डिंग मी 'एकदम स्पष्ट' म्हणून पास केली होती. आता कळलं, तीही सगळी अशीच शुद्ध बोललेली होती. सगळी बाद.

जुळवून घ्यायला मशीनने शिकायचं होतं. ते काम काकींनीच करून टाकलं.

तुम्ही फोनशी बोलताना घरच्यासारखं बोलता का?